आश्विनातले ऊन आणि कापणीचा ताप

मोसमी पाऊस राजस्थानातून परत फिरतो तो साधारण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. कोकणातून त्याचा पाय निघायला ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा उजाडतो. या मधल्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्याची हवा पार पालटते. समुद्रावरून येणारा वारा मंदावतो, आभाळ निवळते, आणि चार महिने भिजलेल्या जमिनीवर कडक ऊन पडू लागते.

किनाऱ्यावर पारा बत्तीस-तेहतीस अंशांपुढे फारसा जात नाही, तरी जीव नकोसा होतो. नुसता घाम येऊन अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. आणि दमट हवेत तो वाळत नाही. आत संगमेश्वर, लांजा, चिपळूणकडे खारा वारा उशिरा पोचतो. तिथे दुपार अधिक तापते, संध्याकाळी सह्याद्रीवर ढग जमून विजांसह सर येते आणि पहाटे अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटते. भर उन्हात राबणाऱ्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता मीठ घातलेली पेज, ताक किंवा कोकमाचे सरबत थोडे थोडे घेत राहावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आयुर्वेदाने शरद हा पित्तप्रकोपाचा ऋतू मानला आहे, आणि आपल्याकडे आशीर्वाद देतात तोही शंभर शरद जगण्याचा! शरद पार पडला म्हणजे वर्ष पदरात पडले, असेच जुन्या लोकांना वाटत असावे.

आता मुख्य मुद्दा. याच दिवसांत हळवे भात कापणीला येते. लोंब्या भरल्या की उंदीर मळ्यात उतरतात. त्यांच्या, तसेच गुरांच्या व कुत्र्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू खाचरातल्या पाण्यात आणि चिखलात मिसळतात. कोरड्या, तापलेल्या मातीत हे जंतू टिकत नाहीत. पण आपल्या मळ्यांत वरून ऊन आणि खाली ओल अशी स्थिती असते, आणि ओलीत ते कित्येक दिवस, कधी कधी आठवडेही जिवंत राहतात. अनवाणी पायाची भेग, विळ्याने कापलेले बोट, पाण्यात राहून मऊ पडलेली कातडी, एवढी वाट त्यांना पुरते. यातून होणारा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर त्याचे नाव घरोघरी पोचले, पण शेतकऱ्याला तो पूर न येताही होतो.

जंतू शिरल्यापासून बहुधा पाच ते चौदा दिवसांत ताप येतो. तो एकाएकी आणि थंडी वाजून येतो. डोके ठणकते, कंबर धरते. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. सगळ्यांनाच ही सारी लक्षणे दिसतात असे नाही. पुष्कळांचा ताप आपोआप उतरतोही. मात्र काही जणांत जंतू यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुसापर्यंत पोचतात. मग डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त पडते. अशा वेळी प्राणावर बेतते.

दरवर्षी घडते ते असे. भात पिकून उभे, संध्याकाळच्या सरीची धास्ती, मजूर मिळत नाहीत. मग दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची आणि पुन्हा विळा धरायचा. इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोकाही वाढवतात. तापाला पॅरासिटामॉल पुरे, आणि तेही दवाखाना गाठेपर्यंत. डोळे पिवळे दिसताच काविळीच्या गावठी औषधासाठी धावणाऱ्यांचे तर मोलाचे दोन-तीन दिवस वाया जातात. ही कावीळ झाडपाल्याने उतरत नाही.

सुरुवातीलाच उपचार झाले तर डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन ही जुनी, स्वस्त औषधे उत्तम काम करतात. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी पहिल्या पाच-सात दिवसांत बरेचदा निर्दोष येते, म्हणून तिच्या भरवशावर थांबू नये. लक्षणे आणि मळ्यातले काम एवढ्यावरही डॉक्टर उपचार सुरू करू शकतात. त्यासाठी आपण कापणीला जात होतो हे न विचारता सांगावे. लाजून किंवा विसरून ते राहून जाते.

भातानंतर गवत कापणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली आहे काय? ती सहसा दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. गवतातल्या बारीक किडीच्या पिल्लाच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाची ती खूण असते. खपली दाखवली तर निदान लवकर होते, आणि औषध पुन्हा डॉक्सिसायक्लिनच.

मळ्यात उतरताना गमबूट उत्तम. ते चिखलात अडकतात ही तक्रार खरी आहे. निदान जखमांवर पट्टी बांधावी आणि घरी येताच साबणाने हातपाय धुवावेत. कापणी चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम घेतल्याने काही प्रमाणात संरक्षण मिळते. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारूनच घ्यावे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना देऊ नये. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर छातीत जळजळते. या औषधाने काहींची कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून डोक्याला टापशी आणि अंगात लांब बाह्यांचा सदरा असावा.