मॉडेल हुशार आहे, मग वर्णन लिहायचे कशाला?

चितेगावहून पैठण रस्त्याने छत्रपती संभाजीनगरला नित्य ये-जा करताना, संगणकाच्या व्यवसायात नव्याने शिरलेल्या तरुणांशी जे बोलणे होते, त्यात एक विधान मी इतक्या वेळा आणि इतक्या निःशंक स्वरात ऐकले आहे, की त्याचा परामर्श घेणे आता टाळता येत नाही. ते विधान असे : "मॉडेल हुशार आहे, टूलला नाव दिले की पुरे, वर्णन ही नुसती औपचारिकता." ब्राउझरमधून जाणाऱ्या विनंत्या आणि येणारी उत्तरे यांवर नजर ठेवणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट उभा करताना हीच मंडळी रात्रीच्या रात्री जागून शेकडो ओळींचा कोड लिहितात, आणि वर्णनाच्या रकान्यात 'नेटवर्क तपासते' एवढे दोन शब्द टाकून मोकळी होतात.

वस्तुस्थिती अशी आहे की, टूलच्या, म्हणजे एजंटला वापरावयास दिलेल्या साधनाच्या, आतला तो कोड एजंटला दिसतच नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल घ्या किंवा अन्य कंपन्यांची पद्धत घ्या. टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावयाची याचा तक्ता, एवढाच मजकूर मॉडेलपुढे मांडला जातो, आणि कोणते टूल केव्हा वापरावे व हाती आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावावा, हा सारा निर्णय त्या मजकुरावर होतो. व्हिडिओकॉनच्या कारखान्यात पाळ्या केलेली माणसे ज्या चितेगावात आहेत, तेथे तरी हे फोड करून सांगावे लागू नये. रात्रपाळीला आलेला कामगार कितीही निष्णात असो, दिवसपाळीने यंत्राचा कोणता भाग उतरवून ठेवला आहे हे त्याला नोंदवहीवरूनच कळावयाचे. नोंद नसेल, तर त्याचे सारे कौशल्य चुकीच्या गृहीतावर खर्ची पडते. मॉडेलचे तर त्याहून वाईट : जे सांगितलेले नाही, ते संभाव्य वाटेल अशा अंदाजाने ते स्वतःच भरून काढते, आणि तो अंदाज आत्मविश्वासाने लिहिलेला असल्यामुळे वाचणाऱ्याला संशयही येत नाही.

एक प्रसंग कल्पावा. महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जाचे पान आहे. 'जमा करा' हे बटण दाबले, सर्व्हरने 500 हा त्रुटीचा क्रमांक परत केला, आणि त्याच क्षणी ब्राउझर दुसऱ्या पानावर गेला. क्रोमच्या नेटवर्क पॅनेलमध्ये, नोंदी जतन करण्याचा पर्याय निवडलेला नसल्यास, पान बदलताच आधीची यादी पुसली जाते. शिवाय पॅनेल उघडण्यापूर्वीच्या विनंत्या तेथे नोंदल्याच गेलेल्या नसतात. आपले टूलही तसेच वागत असेल आणि वर्णनात त्याची वाच्यता नसेल, तर एजंटला रिकामी यादी मिळते आणि तो निर्वाळा देतो की कोणतीही विनंती अयशस्वी झालेली नाही. अर्ज गेला नाही तो नाहीच, वर तपासणीचा दाखलाही मिळाला! या चुकीचे खापर मॉडेलवर फोडणाऱ्यांचा मला खरोखर वैताग येतो, कारण चूक वर्णन लिहिणाऱ्याची आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये गूगलने क्रोम डेव्हटूल्सची टूल्स एजंटांसाठी खुली केली, त्यांत विनंत्यांची यादी देणाऱ्या टूलच्या वर्णनातच ती यादी शेवटच्या पानबदलानंतरची आहे, ही मर्यादा नमूद केलेली आहे. ज्यांना अद्याप शंका आहे त्यांनी अँथ्रॉपिकचे विकसकांसाठीचे दस्तऐवज पाहावेत : टूलच्या कामगिरीवर सर्वाधिक परिणाम करणारी गोष्ट म्हणून तेथे तपशीलवार वर्णनाचाच निर्देश आहे, आणि प्रत्येक टूलसाठी निदान तीन-चार वाक्ये लिहावीत असा सल्ला आहे.

मी स्वतः लिहीन ते वर्णन साधारण असे असेल : 'चालू टॅबमध्ये शेवटच्या पानबदलानंतर नोंदलेल्या विनंत्यांची यादी देते, प्रत्येकीचा पत्ता, पद्धत, स्थितिक्रमांक आणि लागलेला वेळ त्यात असतो. उत्तराचा मजकूर मिळत नाही; तो हवा असल्यास विनंतीचा क्रमांक देऊन तपशिलाचे टूल वापरावे. एका वेळी 50 नोंदी येतात. यादी रिकामी असल्यास नोंद झालेली नाही एवढाच अर्थ घ्यावा. विनंती गेलीच नाही असा नव्हे. कुकी आणि ऑथोरायझेशन हेडर झाकलेले असतात.' ही सहा वाक्ये लिहावयास दहा मिनिटे लागतात.

इतर गैरसमजांना इतका विस्तार नको. वर्णन जितके लांब तितके चांगले, हेही खरे नाही. प्रत्येक शब्द मॉडेलच्या मर्यादित संदर्भातली जागा अडवतो. वर्णन इंग्रजीतच हवे, असा दंडक नाही. टूलच्या नावाला मात्र प्रमुख सेवांमध्ये रोमन अक्षरे, अंक आणि मोजक्या चिन्हांचेच बंधन आहे, आणि देवनागरी मजकुराला सहसा अधिक टोकन, म्हणजे मॉडेल मोजते ते मजकुराचे तुकडे, लागतात. स्थितिक्रमांक 200 म्हणजे काम फत्ते, हे तर सर्वथा चूक : ग्राफक्यूएलच्या सेवा पुष्कळदा 200 देऊन त्रुटी उत्तराच्या पोटात ठेवतात, म्हणून तशी सूचना वर्णनात असावी. 'केवळ वाचते' अशी खूण केल्याने टूलला कुलूप लागत नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या विनिर्देशानुसार ती केवळ सूचना आहे.

एचटीटीपीएस असल्यामुळे एजंटला गुप्त काही दिसणार नाही, या समजुतीने मात्र खरे नुकसान होते. ते संरक्षण वाटेवरचे आहे. ब्राउझरच्या आत मजकूर उलगडलेलाच असतो, सेशनच्या किल्ल्यांसह. 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओक्टा या कंपनीच्या ग्राहक-साहाय्य यंत्रणेत घुसलेल्यांनी ग्राहकांनी तपासासाठी पाठवलेल्या एचएआर फायली, म्हणजे नेटवर्कच्या याच नोंदी, मिळवल्या, आणि त्यांतील सेशनची टोकन वापरून काही ग्राहकांच्या सेशनचा ताबा घेतला. म्हणून असा गुप्त मजकूर झाकण्याचे काम कोडनेच केले पाहिजे. वर्णनाने ते झाकलेले आहे एवढे सांगावे.

वाचकांपैकी जे हे काम करतात, त्यांना एकच विनंती आहे. लिहिलेले वर्णन, कोड न पाहिलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्या आणि विचारा : पान बदलल्यावर या टूलकडून काय मिळेल? त्याला उत्तर देता आले नाही, तर ते टूल एजंटच्या हवाली करू नका.