महिना की मिनिट?

सर्व्हरचं घड्याळ चुकलंय, ते बरोबर लावायचंय. टर्मिनल उघडून ‘डेट’ ही कमांड लिहायची आणि पुढे दहा आकडे द्यायचे: ०७१११०१२२५. लिनक्सवर याचा अर्थ होतो ११ जुलै २०२५, सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं. फ्रीबीएसडीवर हेच आकडे दिले, तर घड्याळ थेट १० नोव्हेंबर २००७ रोजी दुपारी बारा पंचविसाला जाऊन बसतं. कमांड एकच, आकडे तेच, आणि दोन्हीकडे ते निमूटपणे स्वीकारले जातात.

फरक आहे तो क्रमाचा. लिनक्सला आधी महिना लागतो, मग दिवस, तास, मिनिट आणि सर्वांत शेवटी वर्ष. फ्रीबीएसडीला वर्ष आधी हवं. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत वर्ष सुरुवातीलाच होतं आणि बीएसडीच्या शाखेने तो क्रम जपला. सिस्टिम फाइव्हमध्ये ते शेवटी आलं, पॉसिक्स या मानकाने तोच क्रम घेतला आणि लिनक्सही त्याच वाटेने गेलं. गंमत म्हणजे, फाइलवरची वेळ बदलणारी ‘टच’ ही कमांड लिनक्सवरसुद्धा वर्ष आधीच मागते.

इथे मॅन्युअलने हात द्यायला हवा. पण घोळ मॅन्युअलमध्येच आहे. तिथे आकड्यांच्या जागी अक्षरांचा साचा दिलेला असतो. लिनक्सच्या ‘डेट’मध्ये कॅपिटल एमएम म्हणजे महिना आणि स्मॉल एमएम म्हणजे मिनिट. फ्रीबीएसडीच्या ‘डेट’मध्ये बरोबर उलट. त्याच फ्रीबीएसडीच्या ‘टच’चं पान उघडलं, की कॅपिटल एमएम पुन्हा महिना होतो!

तारीख छापतानाही सुटका नाही. ‘डेट’ला टक्क्याच्या चिन्हापुढे स्मॉल एम दिला की महिना मिळतो, कॅपिटल दिला की मिनिट. जावाच्या साच्यात मात्र महिना कॅपिटल. एकीकडची सवय दुसरीकडे गेली, की बॅकअपच्या फाइलला ‘२०२५-४२-११’ असं नाव पडतं. बेचाळिसावा महिना नसतो, म्हणून ही चूक निदान नजरेत तरी भरते. तोच बॅकअप नऊ वाजून चार मिनिटांनी झाला, तर नावात ‘०४’ येतं आणि फाइल बिनदिक्कत एप्रिलची ठरते.

भारतीय वाचकासाठी यात आणखी एक खाच आहे. ०३/०४/२०२५ ही आपल्याकडे ३ एप्रिल. लिनक्सवरच्या ‘डेट’ला ती तशीच वाचायला दिली, तर उत्तर येतं ४ मार्च, कारण तिरप्या रेघांची तारीख ती अमेरिकी पद्धतीने वाचते. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठरवून देणारं आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून आहे. ‘२०२५-०४-०३’ असं लिहिलं, की ही कमांडही ३ एप्रिलच समजते.

जुन्या कमांडचा क्रम आता बदलता येणार नाही. जगभरच्या असंख्य स्क्रिप्ट त्यावर चालतात. मॅन्युअल मात्र सुधारता येतं, आणि ते सुधारलंच पाहिजे. लिनक्सच्या ‘डेट’चं मदतपान घड्याळ लावायचा साचा नुसता मांडतं, एकेका अक्षराचा अर्थ सांगत नाही. साच्याखाली अक्षरांचा खुलासा आणि खऱ्या तारखेचं एक भरलेलं उदाहरण दिलं, तर दोन-तीन ओळींत काम होईल. उदाहरणातला दिवस मात्र बारापेक्षा मोठा हवा, म्हणजे महिना कोणता आणि दिवस कोणता, हा प्रश्नच उरणार नाही. तोवर फ्रीबीएसडीवर ‘डेट’ला स्मॉल जे हा पर्याय जोडावा: घड्याळाला हात न लावता, दिलेल्या आकड्यांतून कोणती तारीख निघते तेवढं तो दाखवतो.