भात सोडला म्हणून गाठ उपाशी मरत नाही

कर्जत-खालापूरकडे जेवण म्हणजे भात. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ हे वाण तर इथल्याच संशोधन केंद्रातले. घरात कुणाच्या मेंदूत गाठ निघाली की पहिल्या आठवड्यातच त्याच्या ताटातला भात, तांदळाची भाकरी आणि चहातली साखर बंद होते. “साखर हे कॅन्सरचं खाणं. ती तोडली की गाठ सुकते,” असं सांगणारा मायेपोटीच सांगतो.

या समजुतीचं मूळ खोटं नाही. गाठीच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टेट करतात, हे जर्मनीच्या ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. भात बंद केला तरी रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती प्रथिनांपासून तयार करतं, वेळ आली तर स्वतःचे स्नायू मोडून. आणि मेंदूतल्या गाठी एकट्या साखरेवर अडून बसत नाहीत, ग्लुटामाइन, ॲसिटेट, चरबी यांवरही त्यांचं भागतं. हडकतो तो रुग्ण, तेही रेडिएशन सोसायला अंगात ताकद हवी असताना. कर्बोदकं जवळपास बंद करून चरबीवर भर देणाऱ्या कीटो आहारावर छोटे अभ्यास झाले आहेत, पण त्यानं आयुष्य वाढतं असा ठोस पुरावा अजून नाही. मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोन या औषधानं मात्र रक्तातली साखर चढते. ती तपासायची आणि आटोक्यात ठेवायची असते, पण उपाशी राहून नव्हे.

मग गाठीचं चयापचय बदललंय याचा उपयोग काय? खूप आहे, आणि तो ताटापेक्षा रिपोर्टमध्ये जास्त दिसतो.

रिपोर्टवर ‘आयडीएच म्युटेशन पॉझिटिव्ह’ वाचून घरचे हादरतात. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, आणि जनुकातला दोष म्हणजे आता मुलांनाही होणार, अशी भीती बसते. दोन्ही समज चुकीचे आहेत. हा बदल गाठीच्या पेशींमध्येच घडलेला असतो, तो आईबापांकडून येत नाही. आणि ग्लायोमा या मेंदूच्या गाठींच्या गटात असा बदल असलेल्या गाठी सहसा सावकाश वाढतात, उपचारांनाही जास्त दाद देतात. २०२१ च्या जागतिक वर्गीकरणानुसार तर हा बदल असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे त्या गटातली सर्वांत जहाल गाठ, म्हणतच नाहीत.

आयडीएच हे पेशीच्या ऊर्जाचक्रातलं एक एन्झाइम. ते बिघडलं की ‘टू-एचजी’ नावाचा पदार्थ साठत जातो आणि पेशी पक्व होण्याआधीच अडकून पडते. या पदार्थाचं उत्पादनच थांबवणारी व्होरासिडेनिब ही गोळी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या ग्रेड २ च्या रुग्णांवरील चाचणीत गाठ पुन्हा वाढायला गोळी घेणाऱ्यांमध्ये मध्यकानुसार २७.७ महिने लागले, न घेणाऱ्यांमध्ये ११.१. गाठ बरी करणारं औषध हे नव्हे, आणि ग्लायोब्लास्टोमावर ते चालत नाही. पण चयापचयातली एक नेमकी चूक धरून मेंदूच्या गाठीला रोखता येतं, हे त्यानं सिद्ध केलं. मला यात खरी आशा दिसते.

पेट स्कॅनबद्दलही असाच अर्धवट समज आहे. ‘साखरेचं इंजेक्शन दिलं की गाठ चमकते’ हे फुप्फुसाला बऱ्यापैकी लागू पडतं. मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के. तिथं निरोगी भागच चमकतो आणि गाठ त्यात लपते. म्हणून अमिनो आम्लांवर आधारलेला पेट जास्त कामाचा ठरतो. शस्त्रक्रियेच्या काही तास आधी पाजलं जाणारं ‘५-एएलए’ तर चयापचयालाच दिवा बनवतं: जहाल गाठीच्या पेशींत त्याचं रंगद्रव्य साठतं आणि निळ्या प्रकाशात त्या लालसर-गुलाबी दिसतात. कुठवर कापायचं ते सर्जनला कळतं.

खालापूर तालुक्यात तांबाटीला टाटा मेमोरियल सेंटरला आयुर्वेदाच्या कामासाठी जागा मिळाली, तेव्हापासून ‘काढ्यानं गाठ जाते, हे टाटानंही मानलं’ असं कानावर येतं. वनस्पतींवर संशोधन करायचं म्हणजे त्या पारखून घ्यायच्या. काढ्यासाठी रेडिएशन सोडू नका.

आणि गाठ पनवेलला काढली असो वा मुंबईला, गाठीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, जपून ठेवा. टाटाच्या परळच्या रुग्णालयात किंवा आपल्याच जिल्ह्यातल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात जाताना पिशवीत त्या आधी टाका. आयडीएचची तपासणी त्याच ब्लॉकवरून होते.