जुनं घर, जुना हीट पंप: सही करण्याआधी एवढं बघा

अमेरिकेत जुनं घर घेताय? हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटवरची पाटी आधी वाचा. यंत्र साधारण 15 वर्षं टिकतं. बनावटीची तारीख आणि रेफ्रिजरंट (पंपातला गॅस) त्या पाटीवरून कळतं.

🔹 'आर-22' दिसलं तर सावध! 1 जानेवारी 2020 पासून तिथे या गॅसचं नवं उत्पादन आणि आयात बंद आहे. गळती झाली तर जुन्या साठ्यातला किंवा शुद्ध करून पुन्हा विकलेला महागडा गॅसच मिळतो.

🔹 मागच्या हिवाळ्याची वीजबिलं मागा. पंप कमी पडला की विजेचे पूरक हीटर चालू होतात. घर उबदार राहतं, बिल मात्र फुगतं.

🔹 होम इन्स्पेक्शनवर थांबू नका, एचव्हीएसी (हीटिंग-कूलिंग) तंत्रज्ञाकडून वेगळी तपासणी करून घ्या.

पंप थकलेला निघाला, तर बदलण्याचा खर्च घराच्या किमतीतून कमी करून मागा!