पाण्याने थंड राहणारा संगणक

संगणकास पुरविलेली वीज शेवटी कोठे जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विहिरीवरील पंपाची वीज पाणी वर चढविण्यात खर्ची पडते आणि ते चढलेले पाणी डोळ्यांना दिसते. संगणक मात्र आकडेमोड करून जे उत्तर देतो, त्या उत्तरात वीज साठून राहत नाही. आत आलेली जवळजवळ सर्व वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता वेळीच दूर झाली नाही, तर यंत्र स्वसंरक्षणासाठी आपला वेग कमी करते आणि भारी किमतीचा संगणक हलक्या संगणकासारखा वागू लागतो.

बंगळूरच्या पूर्वभागातील मारतहळ्ळीत या प्रश्नाला घरगुती महत्त्व आले आहे. ‘हळ्ळी’ या कन्नड शब्दाचा अर्थ खेडे. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरील हे एके काळचे खेडे आता संगणक-व्यवसायातील कचेऱ्यांनी आणि तेथे काम करणाऱ्या तरुणांच्या भाड्याच्या घरांनी भरून गेले आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव या बाजूंनी आलेली मराठी मुलेही त्यांत आहेत. त्यांपैकी काही हौशी मंडळी तयार संगणक न घेता एस. पी. रोडच्या पेठेतून एकेक भाग आणून आपला संगणक आपणच जुळवितात. कोणास चलच्चित्रे तयार करावयाची असतात, कोणास कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग, तर कोणास केवळ खेळ. अशा संगणकाला पाण्याने थंड ठेवण्याचा संच घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर पुढे वाढविता येईल असा कोणता घ्यावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न असतो.

ही कल्पना नवी नाही. १९६० नंतरच्या दशकातील आय. बी. एम. कंपनीचे सिस्टिम ३६० मालिकेतील ९१ क्रमांकाचे यंत्र पाण्यानेच थंड केले जाई. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत २०१९ साली सुरू झालेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही द्रव थेट यंत्रभागांपर्यंत नेऊन उष्णता काढण्याची योजना आहे. महासंगणकाची ही रीत आता टेबलावरच्या पेटीत आली आहे, इतकेच.

येथे एक गोष्ट आरंभीच पक्की ध्यानात ठेवावयास हवी. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. ते ती वाहून नेते. गणनचकतीवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवितात. त्यातून पाणी फिरते, तापते आणि नळीवाटे रेडिएटरकडे जाते. मोटारीच्या रेडिएटरप्रमाणेच येथेही पातळ पत्र्यांच्या जाळीतून पंखे हवा खेळवितात, आणि पाण्याने आणलेली उष्णता अखेर खोलीतील हवेतच सोडली जाते. मग पाण्याचा लाभ कोणता? सारख्याच आकारमानाचे पाणी व हवा घेतली, तर तापमानातील तितक्याच वाढीत पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता सामावून घेते. त्यामुळे नखाएवढ्या जागेत निर्माण होणारी उष्णता बारीक नळीतून दूर नेऊन मोठ्या पृष्ठभागावर पसरविता येते. मिनिटास २ लिटर पाणी फिरत असेल आणि त्यात ६०० वॅट उष्णता येत असेल, तर एका फेरीत पाण्याचे तापमान जेमतेम सव्वाचार अंशांनी वाढते. म्हणून पाणी आधी कोणत्या भागाकडे न्यावे व नंतर कोणत्या, या वादात फारसे तथ्य नाही.

मात्र ज्या हवेत ही उष्णता सोडावयाची, त्या हवेची मर्यादा कोणताही संच ओलांडू शकत नाही. खोलीत ३३ अंश तापमान असेल, तर पाणी ३३ अंशांच्या खाली जाणार नाही. बंगळूरची हवा शीतल म्हणून नावाजलेली असली, तरी एप्रिल २०१६ मध्ये तेथे ३९ अंशांहून अधिक तापमान नोंदले गेले. शिवाय हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते आणि तोच पंखा त्याच वेगाने फिरूनही तितकी कमी उष्णता नेतो. थंड देशांतील कसोट्यांचे आकडे वाचून निवड करणाऱ्याने हा फरक जमेस धरलेला बरा.

बाजारात तीन प्रकार आढळतात. पहिला कारखान्यातच सीलबंद करून आलेला संच. तो बसविण्यास सोपा, परंतु नळीच्या भिंतींतून वर्षानुवर्षे पाणी किंचित किंचित उडून जाते, आणि तशी सोयच नसल्यामुळे बहुतेक सीलबंद संचांत ते पुन्हा भरता येत नाही. पंप थांबला की सारा संच टाकून द्यावा लागतो. दुसरा प्रकार सुटे भाग निवडून स्वतः जोडण्याचा. त्यात स्वातंत्र्य पूर्ण, पण खर्च व जबाबदारीही पूर्ण. वाढविता येणारा संच या दोहोंच्या मधला. जर्मनीच्या आल्फाकूल कंपनीचा ‘आइसबेअर’ हा त्याचा एक नमुना होय. त्यात रेडिएटर तांब्याचा असून जोड सर्वमान्य पाव इंची आट्यांचे आहेत. आज तो केवळ मुख्य गणनचकतीसाठी बसवावा आणि उद्या दुसरा रेडिएटर वा चित्रपत्रिकेचा ठोकळा त्याच फेरीत जोडावा, अशी त्यामागील योजना.

निवड करताना प्रथम उष्णतेचा हिशेब मांडावा, तोही उद्याचा. इंटेलच्या कोअर आय-९ १४९००-के या चकतीची कमाल वीज २५३ वॅट आहे. एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या चित्रपत्रिकेची ४५० वॅट. दोन्ही एका फेरीत आणावयाच्या तर सातशे वॅटचा भार होतो. कपड्यांची साधी इस्त्री जवळपास तेवढीच वीज घेते. जाणकारांच्या ढोबळ हिशेबाने १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागील रेडिएटरने शंभर ते दीडशे वॅटचे काम शांतपणे होते. दोन पंख्यांचा २४० मिलिमीटरचा रेडिएटर त्यामुळे एका गणनचकतीस पुरेल, पण वाढलेल्या फेरीस पुरणार नाही. पेटीत दुसऱ्या रेडिएटरला जागा आहे काय, हे फूटपट्टी लावून आधीच पाहावे. जागाच नसेल, तर ‘वाढविता येणारा’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

दुसरी कसोटी धातूची. एकाच पाण्यात तांबे व ॲल्युमिनियम एकत्र आले की त्यांच्यात विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. अनेक सीलबंद संचांत रेडिएटर ॲल्युमिनियमचा व तळपट्टी तांब्याची असते. गंजरोधक द्रव्यांच्या भरवशावर ते चालते. पण फेरी उघडून नवे पाणी व नवे भाग घालणाऱ्याने तो भरवसा धरू नये. पाण्याला स्पर्श करणारा प्रत्येक भाग तांब्या-पितळेचा अथवा निकेलचा मुलामा दिलेला असावा. तिसरी कसोटी पंपाची. प्रत्येक नवा ठोकळा व रेडिएटर प्रवाहाला अडवितो. एका ठोकळ्यापुरता नेमलेला पंप तीन भागांच्या फेरीत धापा टाकू लागतो. चौथी कसोटी जोडांची. नळीचा आतील व बाहेरील व्यास नेहमी मिळणारा असावा, म्हणजे पुढे एका जोडासाठी परदेशी मागणी नोंदवावी लागणार नाही.

संचातील भागांचे आयुष्यही सारखे नसते. रेडिएटर व जोड दहा वर्षेही टिकू शकतात. गणनचकतीचा ठोकळा नवी पकड मिळाल्यास पुढील यंत्रावरही बसतो. पण चित्रपत्रिकेचा ठोकळा त्या एकाच नमुन्यासाठी घडविलेला असतो; पत्रिका बदलली की तो निरुपयोगी होतो. म्हणून पैसा रेडिएटर व पंप यांवर सढळ हाताने आणि या ठोकळ्यावर हात राखून खर्च करावा.

आता पाण्याविषयी. मारतहळ्ळीतील अनेक घरे दीर्घकाळ कूपनलिकांवर व टँकरांवर अवलंबून राहिली. मार्च २०२४ मधील टंचाईत बंगळूरच्या जलमंडळाने पिण्याचे पाणी मोटारी धुण्यास व बागांस वापरण्यावर बंदी घालून ५००० रुपयांचा दंड ठेवला होता. अशा गावात पाण्याने संगणक थंड करणे ही चैन नव्हे काय, असे कोणासही वाटेल. परंतु घरगुती फेरीत एखाद-दोन लिटरच पाणी असते आणि तेच ते महिनोन्‌महिने फिरते. जे प्रचंड माहिती-कारखाने पाण्याचे बाष्पीभवन करून थंडावा मिळवितात, त्यांचा प्रश्न निराळा. तथापि कूपनलिकेचे जड पाणी या फेरीत कधीही घालू नये. बंबात बसतात तसे क्षारांचे थर ठोकळ्यातील केसाएवढ्या फटींत बसतात. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात गंजरोधक व शेवाळरोधक द्रव्य, आणि वर्षातून एकदा पाणी बदलणे, एवढे पथ्य पाळणे आवश्यक आहे. ऊर्ध्वपातित पाणी विजेला वाहू देत नाही, हा समजही फसवा आहे. धातूंच्या सहवासात काही दिवसांतच ते वाहक बनते. यास्तव जोडणी झाल्यावर मुख्य पाटीला वीज न देता केवळ पंप चालवावा, प्रत्येक जोडाखाली कागद अंथरावा आणि चोवीस तास थांबावे. कागद कोरडा राहिला तरच पुढे जावे. एका दिवसाची ही घाई महिन्यांचा पगार बुडवू शकते.

हे सारे पाहिल्यावर काहींना संच नको, असाच निर्णय घ्यावा लागेल, आणि तो कमीपणाचा नव्हे. १२० वॅटच्या गणनचकतीला तांब्याच्या नळ्यांचा चांगला हवाशीतक उत्तम पुरतो. त्यात गळणारे काही नसते. दहा फुटी बंद खोलीत सातशे वॅटचे यंत्र असेल, तर पाण्यापेक्षा खिडकी उघडण्याचा उपयोग अधिक होईल. ज्याचा भार खरोखर मोठा आहे, ज्याला तासन्‌तास यंत्र चालवावयाचे आहे आणि ज्याच्यापाशी वर्षाकाठी एक दिवस देखभालीला देण्याची तयारी आहे, त्याने वाढविता येणारा संच जरूर घ्यावा. पाणी हा उष्णतेचा उत्तम हमाल आहे. पण त्याच्या डोक्यावरचे ओझे कोठे उतरवावयाचे, हे मालकानेच आधी ठरवून ठेवावयाचे असते.