दोन मुठी पार्सली

आमचे थोरले भाई २६ वर्षं कुवेतला नोकरी करून २०१४ साली कायमचे परत आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात घरटी एक माणूस तरी आखातात असतोच, त्यामुळे परत आलेल्या माणसाचं सामान कसं असतं ते आम्हांला पाठ आहे. ब्लँकेटं, खजुराचे डबे, अत्तराच्या कुप्या. भाईंनी हे सगळं आणलंच, शिवाय एक तक्रारही आणली. पुण्यात माझ्याकडे मुक्कामाला आले की दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना हमखास म्हणायचे, "सगळं छान आहे रे, पण इथे बक्दूनस नाही."

बक्दूनस म्हणजे पार्सली. अरबी मुलखात तिचं हे नाव. तिकडे, विशेषतः लेबनॉन-सीरियाकडच्या लोकांच्या जेवणात, तब्बूले नावाची एक कोशिंबीर असते. पार्सलीच्या जुड्याच्या जुड्या बारीक चिरायच्या, त्यात थोडा पुदिना, टोमॅटो, कांदा, भिजवलेला गव्हाचा जाडसर भरडा, वरून लिंबाचा रस आणि ऑलिव्हचं तेल. लक्षात घ्या, आपण कोशिंबिरीवर कोथिंबीर भुरभुरवतो, इथे उलट आहे. पाला हीच मुख्य भाजी आणि गहू नावापुरता. भाईंना कारखान्याच्या खानावळीत एका लेबनानी स्वयंपाक्यानं ही चटक लावली होती.

मंडईत गेलो. इंग्लिश भाज्या विकणाऱ्या एका गाळ्यावर ब्रोकोली आणि झुकिनीच्या शेजारी पार्सली होती, पण कुरळ्या पानांची. ती दिसायला देखणी, हॉटेलवाले ताटलीच्या कडेला ठेवतात ती. चवीला मात्र सपाट पानांची बरी, कारण तिचा वास जास्त आणि पान कोवळं. दर ऐकून मी कोथिंबिरीच्या भावाशी मनात तुलना केली आणि घरी येऊन गच्चीवर कुंड्या मांडल्या.

इथे एक सावधगिरीची सूचना. मराठीत या झाडाला जुनं नाव नाही. काही ठिकाणी तिला 'अजमोदा' म्हटलेलं आढळतं आणि तिथून घोटाळा सुरू होतो. आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात अजमोदा म्हणून जे बी मिळतं ते वेगळ्या झाडाचं. कूळ मात्र एकच. गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, हिंग ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं आणि पार्सली ही त्यांची भूमध्य समुद्राकाठची चुलत बहीण. या घराण्यात एक विषारी शाखाही आहे. सॉक्रेटिसाला ज्या हेमलॉकचा पेला प्यावा लागला तेही याच कुळातलं आणि त्याचं पान पार्सलीसारखंच दिसतं. म्हणून ओढ्याकाठी, बांधावर दिसलेला अशा पानांचा पाला 'पार्सलीच असेल' म्हणून कधी तोंडात टाकू नये. बी विश्वासाच्या दुकानातून आणावं आणि आपलं आपण पेरावं.

नावाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात डॉमिनिकन प्रजासत्ताकात त्रुहियो नावाच्या हुकूमशहाच्या सैन्यानं सरहद्दीवरच्या हैतीच्या हजारो गरीब माणसांची कत्तल केली. असं सांगतात, की शिपाई पार्सलीची काडी समोर धरून विचारायचे, हे काय आहे? स्पॅनिश भाषेत तिला 'पेरेहिल' म्हणतात. हैतीच्या माणसाच्या जिभेला त्यातला 'र' नीट वळत नसे. वळला नाही की संपलं. रीटा डव्ह या अमेरिकन कवयित्रीची यावर 'पार्सली' याच नावाची कविता आहे. माझं नाव ऐकल्यावर "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" असं कौतुक करणारे भले लोक मला अजून भेटतात. मी हसून आभार मानतो. पण गच्चीवर ती जुडी खुडताना कधी कधी तो 'र' आठवतो.

असो. लागवडीकडे वळू.

पार्सलीचं बी म्हणजे माणसाच्या धीराची परीक्षा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात, पार्सली तीन ते चार आठवडे घेते. इंग्लंडात म्हणे अशी समजूत होती, की हे बी उगवण्यापूर्वी नऊ वेळा सैतानाकडे जाऊन येतं. खरं कारण असं, की बियांच्या आवरणात उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. ती धुऊन निघावीत म्हणून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावं, ते पाणी फेकून द्यावं आणि मग पेरावं. मी पहिल्या वर्षी हे काही केलं नव्हतं. अठराव्या दिवशी आमच्या बेगमनी "मेलं तुमचं बी" असं जाहीर करून त्याच कुंड्यांत मेथी टाकली. मेथी तरारून आली, खुडून झाली, तिची भाजी पोटात गेली आणि मग खालून पार्सलीनं डोकं वर काढलं!

आपल्या हवेत पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. पार्सलीला थंडी मानवते, उन्हाळा सोसत नाही. मार्चनंतर कुंड्या दुपारच्या सावलीत सरकवाव्या लागतात. मूळ गाजरासारखं सरळ खोल जातं, म्हणून कुंडी निदान वीतभर खोल हवी. रोपं उपटून दुसरीकडे लावली तर ती रुसतात, तेव्हा जिथं वाढवायची तिथंच पेरलेलं बरं. माती, शेणखत आणि थोडा नारळाचा भुसा एवढं पुरतं. बी नखभर खोल टाकून वर ओलं गोणपाट घालावं, कोंब दिसले की काढावं. माती वाळू द्यायची नाही, पण पाणी साचूही द्यायचं नाही. मावा पडला तर कडुनिंबाचं पाणी. अडीच-तीन महिन्यांत पानं खुडायला येतात. खुडताना बाहेरचे देठ बुडापासून कापावेत, मधला कोंब राखावा, म्हणजे झाड महिनोन् महिने देत राहतं. खरं तर हे दोन वर्षांचं झाड आहे, पण पुण्याच्या उन्हाळ्यात ते केविलवाणं होतं. मी दरवर्षी नवं पेरतो.

स्वयंपाकात ती कोथिंबिरीची जागा घेऊ शकत नाही, हे माझं स्पष्ट मत. आमटीत घातली तर आमटी परकी लागते. पण उकडलेल्या बटाट्यावर लोण्याबरोबर, ऑम्लेटमध्ये किंवा तळलेल्या सुरमईवर लसूण-लिंबाबरोबर बारीक चिरून टाकून पाहा. फार शिजवू नये, वास जातो.

आणि गुण? १०० ग्रॅम ताज्या पार्सलीत क जीवनसत्त्व सुमारे १३० मिलिग्रॅम, लोह सुमारे ६ मिलिग्रॅम, शिवाय अ जीवनसत्त्व, फोलेट, पोटॅशियम. हे आकडे मीच मोठ्या उत्साहानं भाईंना वाचून दाखवले होते. त्यातला एक आकडा मात्र मी वाचून सोडून दिला. के जीवनसत्त्व सुमारे १६४० मायक्रोग्रॅम. कोथिंबिरीच्या पाचपट.

भाईंच्या हृदयाची एक झडप २०१७ मध्ये बदलली होती. धातूची झडप बसवली की तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. 'आयएनआर' नावाची रक्ततपासणी वरचेवर करून गोळीची मात्रा ठरवतात. भाईंचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा होता आणि तो तसा राहतही होता.

२०२२ च्या जानेवारीत त्यांच्या मोबाइलवर एक संदेश आला. पार्सलीचा रस रोज सकाळी अनशापोटी प्या, दहा दिवसांत मूत्रपिंडं धुऊन स्वच्छ होतील! भाईंनी तो मला दाखवला. मी काय करावं? गच्चीवर ऐन बहर होता. मी मोठ्या अभिमानानं रोज सकाळी दोन मुठी पानं खुडून, मिक्सरमधून काढून पेला त्यांच्या हातात देऊ लागलो. कुंड्या पुरेनात तेव्हा मंडईतून जुडी आणली.

अकराव्या दिवशी सकाळी चहा घेताना भाईंच्या हातातला कप निसटला. काहीतरी म्हणाले, पण शब्द एकमेकांत गुंतलेले. ज्या माणसाच्या तोंडचा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो त्याचं एक अक्षर मला कळेना. रिक्षानं इस्पितळात पोचेपर्यंत वीसेक मिनिटांत वाचा परत आली. आयएनआर निघाला १.४. तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्या तपासल्या. एकही चुकलेली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "खाण्यात काही नवीन?" मी रसाचं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पेन खाली ठेवलं.

त्यांनी मग समजावलं ते असं. आपलं यकृत रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं, त्यासाठी त्याला के जीवनसत्त्व लागतं. यातलं 'के' हे अक्षरच रक्त गोठण्याच्या जर्मन शब्दावरून आलं. हेन्रिक डाम या डॅनिश शास्त्रज्ञानं ते शोधलं, १९४३ चं नोबेल त्यात त्याचा वाटा आहे. वॉर्फरिन आणि आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं ॲसिनोकुमारॉल या गोळ्या नेमकं याच जीवनसत्त्वाचं काम अडवतात. वॉर्फरिनचं मूळही एका पाल्यातच आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडे बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरू लागली, त्या चाऱ्यातल्या द्रव्याच्या शोधातून पुढे हे औषध निघालं. १९४८ साली ते उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, १९५४ पासून माणसांना दिलं जाऊ लागलं.

माझ्या दोन मुठी म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. त्यात जवळजवळ १ मिलिग्रॅम के जीवनसत्त्व. रक्त प्रमाणाबाहेर पातळ झालं तर ते आवरायला डॉक्टर तोंडावाटे जी मात्रा देतात, ती साधारण १ ते २.५ मिलिग्रॅम असते. पाल्यातलं सगळंच अंगी लागत नाही हे खरं, पण रोज सकाळी मी भाईंच्या गोळीवर उताराच देत होतो.

मला वाटलं, आता पालेभाज्या बंद. बाई म्हणाल्या, "बंद नका करू. एकदम वाढवू नका आणि एकदम सोडूही नका. जेवढी खाता तेवढीच, रोज सारखी खा. बदल करायचा तर आधी सांगा, आम्ही गोळी जुळवू." रक्त पातळ करणाऱ्या काही नव्या गोळ्यांचा के जीवनसत्त्वाशी संबंध नसतो, पण त्या धातूच्या झडपेला चालत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं.

मूत्रपिंडं 'धुण्या'चं विचारलं तेव्हा मात्र त्या हसल्या. पार्सलीत ऑक्झलेट बरंच असतं, मुतखड्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार ऑक्झलेटचाच. ज्यांची मूत्रपिंडं खरोखर अधू आहेत त्यांना पोटॅशियमही जपून खावं लागतं. म्हणजे ज्याला हा रस प्यायला सांगतात त्यालाच तो बाधण्याची शक्यता. गरोदर बायकांनीही रस, बियांचा काढा किंवा तेल यांच्या वाटेला जाऊ नये; जेवणातली चिमूटभर पानं वेगळी.

त्या वर्षी उरलेल्या कुंड्या मी उपटायला निघालो होतो. भाईंनी हात धरला. आता त्यांच्याकडे पोह्यांचा एक मोठा चमचा ठरलेला आहे. रोज दुपारी एकच चमचा चिरलेली पार्सली, सपाट, शीग न लावता. आयएनआर त्या हिशेबानं जुळवून घेतला आहे. पान वाढताना भाभी चमचा सुरीनं सपाट करतात आणि भाई दरवेळी म्हणतात, "बक्दूनस आहे गं, सोनं नव्हे."