आयोडीनचा रंग जातो कुठे?

पुण्याच्या थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. शेंगदाणा तेलाचा डबा मात्र खुशाल वाहता असतो. फरक कार्बनच्या साखळीचा आहे. कार्बनला चार हात. संपृक्त संयुगात तो शेजारच्या कार्बनचा एकच हात धरतो. असंपृक्तात कुठेतरी दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचे दोन-दोन हात धरलेले असतात; हा दुहेरी बंध. तेलाच्या रेणूत तिथे साखळी वाकते आणि वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. पण नुसत्या गोठण्यावरून निकाल देऊ नये. साखळी किती लांब, यावरही ते अवलंबून असतं.

त्यापेक्षा टिंक्चर आयोडीन घ्या. एका परीक्षानळीत 4 मिलि शेंगदाणा तेल, दुसरीत तेवढंच वितळलेलं खोबरेल. दोन्हींत चार-चार थेंब टिंक्चर टाकून हलवा आणि नळ्या गरम पाण्यात उभ्या करा. इथे घाई कामाची नाही. हळूहळू शेंगदाणा तेलातला रंग फिका पडत जातो, खोबरेलातला बराच टिकतो.

रंग होता मोकळ्या आयोडीनचा. दुहेरी बंधातला एक बंध सुटला, मोकळ्या झालेल्या दोन हातांत आयोडीनचा एकेक अणू अडकला आणि रंग संपला. संपृक्त साखळीत रिकामा हातच नाही. आत शिरायचं तर हायड्रोजनला हुसकावून लावायला हवं, आणि आयोडीनमध्ये तेवढा जोर नसतो.

खोबरेलही थोडं आयोडीन पचवतंच, कारण कुठलंच खाद्यतेल पूर्ण संपृक्त नसतं. म्हणून ‘आहे की नाही’ यापेक्षा ‘किती’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा. 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन घेतं, ते त्याचं आयोडीन मूल्य: खोबरेल 8 ते 10, शेंगदाणा 85 ते 99, जवस 170च्या वर. जवसाचं तेल दुहेरी बंधांमुळे हवेतला ऑक्सिजनही पकडतं आणि वाळून घट्ट होतं. क्रिकेटच्या बॅटला ते चोळतात, खोबरेल नाही, ते यासाठीच.

पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंगही दुहेरी बंधामुळे जातो, पण अल्डिहाइडही तो घालवतं. एकट्या त्याच्या साक्षीवर विसंबू नये. बेंझिन तर उलटीकडून फसवतं. सहा कार्बनना सहाच हायड्रोजन, म्हणजे कागदावर चांगलंच असंपृक्त. त्यात ब्रोमीनचं पाणी घालून हलवलं, तर पाण्याचा रंग उतरतो खरा. पण वर पाहा, तो बेंझिनच्या थरात जाऊन बसलेला असतो.